खटक्याचं चाक

तिसऱ्यांदा छर्रे सांडले, तेव्हा मी हातातलं धुणं तसंच टाकून दुकानात आले. हे फरशीवर गुडघे टेकून कपाटाखाली बोटं घालत होते आणि पुटपुटत मोजत होते. सतरा, अठरा, एकोणीस. सायकलच्या पुढच्या चाकात दोन्ही बाजूंचे मिळून वीस छर्रे असतात, एवढं सायकलवाल्याच्या बायकोला तीस वर्षांत कळतंच. विसावा माझ्या पायाखाली आला. मी तो उचलून ह्यांच्या तळहातावर ठेवला, तर हात इतका थरथरत होता की तो एकटा छर्रा जागच्या जागी गोल फिरायला लागला.

किती वाजले, असं ह्यांनी विचारलं. दीड, मी म्हणाले. घड्याळ ह्यांच्या डोक्यावरच होतं, पण वर बघायचा धीर नव्हता. चारला ठकी येणार होती.

ठकी म्हणजे आमची मुलगी. कागदोपत्री तिचं चांगलं भारदस्त नाव आहे, सव्वीस वर्षांची आहे, पण घरात ठकीच. हाताच्या व्यायामासाठी ती इस्पितळात गेली होती. तिथून आली की तिला सायकल तयार हवी होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत जायचं होतं. दवाखान्यांतून नमुन्यांच्या पेट्या गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायचं तिचं आधीपासूनचं काम. सायकलवरून फेरी पूर्ण करून दाखवलीस तर जागा तुझी, नाहीतर आम्ही दुसरं माणूस बघतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि ठकीनं आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. खरं म्हणजे मला सांगितलं होतं, पण हे दोन हात अंतरावर उभे असताना.

"खटक्याच्या चाकावर मी बसणार नाही. नटाचं करून द्या म्हणावं त्यांना. आणि नट आवळताना मी समोर असेन."

काम तसं मोठं नव्हतं. खटक्याच्या चाकाचा एक्सल पोकळ असतो. त्याच्यातून एक बारीक सळई आरपार जाते आणि तिच्या टोकाला बोटभर लांबीचा खटका असतो. खटका उघडला की पाना न लावता चाक हातात येतं. तो पोकळ एक्सल काढायचा, त्याच जाडीचा भरीव एक्सल घालायचा, मात्र चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर येईल एवढा लांब, आणि बाहेर आलेल्या टोकांवर नट आवळायचे. एरवी हे असलं काम गप्पा मारता मारता करत, गिऱ्हाईकाचा चहा संपायच्या आत. त्या दिवशी सकाळी नऊपासून बसले होते. भरीव एक्सल जुन्या कोनांना, म्हणजे छर्रे आत दाबून धरणाऱ्या निमुळत्या नटांना, लागू पडतो का, हे पाहण्यात अकरा वाजले. आटे जुळले. पण नंतर छर्रे बसवायची वेळ आली आणि हात ऐकेनात.

मला ते बघवत नव्हतं. कारण त्या हातांनी काहीच चुकीचं केलेलं नव्हतं, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं, असं मला वाटत होतं.

आता खरं सांगते. आठ महिन्यांपूर्वी ते चाक मी बसवलं होतं.

आमची बोळकांडी अरुंद, आणि दुकानात तेव्हा गिऱ्हाइकांच्या सायकलींची गर्दी. सायकल आत घ्यायची तर पुढचं चाक काढावं लागे, नाहीतर दारच लागत नसे. म्हणून तर ह्यांनी जुन्या बाजारातून खटक्याचं चाक शोधून आणलं होतं. रोज रात्री चाक काढायचं, रोज सकाळी हे ते बसवायचे. खटका दाबायचे, पुढची बाजू उचलायचे, चाकावर वरून दोन गुद्दे मारायचे आणि मग सायकल लेकीच्या हातात द्यायचे. त्या सकाळी हे मागच्या नळावर पाणी भरत होते. ठकी आत पेटीत बर्फ भरत होती. तिनं आतूनच सांगितलं की बाबांना हाक मार, उशीर होतोय. मी मनाशी म्हटलं, त्यांना कशाला, एवढं मला येत नाही का? चाक चिमट्यात घातलं आणि खटका धरून फिरवला, नळ बंद करतात तसा. फिरेनासा झाला तोवर फिरवला. हलवून बघितलं, चाक गच्च होतं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

तो खटका फिरवायचा नसतो. दाबून पालथा घालायचा असतो, तेव्हाच तो धरतो. पण मी जन्मभर नट आवळलेले बघत आले. जे दिसलं ते पिळायचं, एवढंच माझ्या हातांना माहीत. सपाट रस्त्यावर ते चाक टिकलंही. उतारावर खड्ड्यात उडालं आणि चिमट्यातून निघून ठकीच्या पुढे धावत गेलं. ती उजव्या खांद्यावर पडली. मानेतून हाताकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून तिचा उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबतो. थोडा वर येतो, पण बोटं मिटत नाहीत.

इस्पितळात ठकीनं पहिला प्रश्न विचारला तो चाकाचा. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मीच बसवलं होतं. खटका दाबायचा राहिला."

मला वाटलं, ह्यांना खरंच तसं वाटतंय. रोज तेच काम करणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी केलं की नाही ते आठवत नाही, तसं झालं असेल. आणि मी मूग गिळून गप्प बसले. आधी म्हटलं, ठकी जरा सावरू दे. मग म्हटलं, घरी येऊ दे. मग महिना झाला, आणि महिन्यानंतर सांगायचं तर महिनाभर का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. एकदा दोनदा शब्द ओठांपर्यंत आले. पण तेवढ्यात ठकी हाक मारायची, आई, बटण लाव. आणि मी धावायची.

आठ महिने मी तिचं सगळं केलं. आंघोळ, कपडे, औषधं. रोज सकाळी ती खिडकीपाशी माझ्याकडे पाठ करून बसायची आणि मी तिची वेणी घालायची. एका हातानं वेणी येत नाही. केस कापून टाक असं शेजारीण म्हणाली, तर ठकीनं तिच्याशी बोलणंच टाकलं. वेणी घालताना ती माझ्याशी बोलायची, इस्पितळातल्या बायकांच्या नकला करायची. मी हसायची आणि पेड ओढायची. पाठमोरी असल्यामुळे माझं तोंड तिला दिसत नव्हतं, हे किती बरं होतं ते मलाच माहीत.

बापाशी मात्र ती बोलेना. ओरडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर ह्यांचा जीव थोडा हलका झाला असता. बाहेर जाताना पूर्वी दुकानाच्या दारात थांबून "बाबा, येते" म्हणायची. आता दुकानातूनच जायची, पण आतल्या दाराकडे वळून "आई, येते" म्हणायची, आणि हे पान्यांची जुळवाजुळव करत बसायचे.

ह्यांचं चित्त मग थाऱ्यावर राहिलं नाही. दुकान उघडं टाकून हे दुपारी निघून जायचे. ग्रंथालयापाशी, इस्पितळापाशी, शाळेबाहेर, जिथे म्हणून सायकली उभ्या असतील तिथे जायचे, वाकायचे आणि खटक्याच्या चाकांना हात लावून बघायचे. एकदा एका सायकलवाल्यानं चोर समजून ह्यांची कॉलर धरली आणि मुस्काटात दिली. मला निरोप आला. मी गेले तेव्हा हे फूटपाथच्या कडेला बसले होते, चष्मा वाकडा, आणि तो माणूस अजून तणतणत होता. मी त्याच्या हातापाया पडून ह्यांना घरी आणलं. वाटेत विचारलं, हे काय चाललंय? काही नाही, म्हणाले. अपराधाच्या भारानं माणूस खुळावत चाललाय, असं मी धरून चालले. तो भार कुणाचा, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार. रोज ठरवायची, आज सांगते. रोज संध्याकाळ व्हायची.

आणि आता हे दुकानात फरशीवर बसून चौथ्यांदा छर्रे मोजत होते. चारला लेक समोर येऊन बसणार, आणि तिच्या देखत ह्या हातांनी नट आवळायचे. तेवढ्यात पाना निसटला, तर ती उठून जाईल, आणि परत कधी ह्या दुकानात पाऊल टाकणार नाही. मला माझ्या लेकीचा स्वभाव माहीत आहे, तो माझ्यावरच गेलाय. आज सांगितलं नाही तर हा माणूस हातचा जाईल, आणि सांगितलं तर मुलगी जाईल. तिसरी वाट नव्हती.

"ते चाक मी बसवलं होतं," मी म्हणाले. "त्या दिवशी. तुम्ही नाही, मी."

ह्यांनी मान वर केली नाही. ग्रीसच्या डबीत बोट बुडवलं आणि हबच्या वाटीत गोल फिरवलं.

"माहीत आहे," हे म्हणाले.

मला आधी काय झालं असेल तर राग आला. आठ महिने मी मनात जळतेय, एक घास सुखानं गिळला नाही, आणि ह्या बाबाला माहीत आहे. कसं माहीत, मी विचारलं. तर म्हणाले, त्यात काय कळायचंय. मी पाणी भरून आलो तेव्हा ठकी निघून गेली होती आणि चाक मी बसवलेलं नव्हतं. घरात तिसरं माणूस तूच. इस्पितळाबाहेर लोकांनी सायकल आणून ठेवली होती, तिचा खटका बघितला, तर उघडाच होता आणि पिळून पिळून गच्च केलेला. ठकीला खटका कसा लावतात ते मी शिकवलंय, ती तसं करणार नाही.

"मग बोलला का नाहीत? तिच्यासमोर खोटं का बोललात?"

"तिची वेणी कोण घालणार होतं?" हे म्हणाले. "आंघोळ कोण घालणार, कपडे कोण चढवणार? रोज सकाळी तुझ्याकडे पाठ करून बसायचं असतं तिला. माझ्यावर रुसली तर चालतं. मी काय, दुकानात असतो. मला वेणी येत नाही."

मी खाली बसले. हे आपले वाटीतलं ग्रीस सारखं करत होते.

मग ह्यांनी सांगितलं की त्या सायकली ते कशासाठी बघत होते. ह्यांना एक दिवस माझ्याशी ह्यावर बोलायचं होतं, पण रिकाम्या हातानं नाही. नुसतं, जाऊ दे, होतं असं, म्हणून काय उपयोग. आकडा हवा होता.

"दोनशे सात बघितले. एकतीस जणांनी पिळलेला होता, तुझ्यासारखा. चांगली शिकलेली माणसं. मला मारलं ना, त्याचासुद्धा."

त्याला सांगायचं होतं मग, मी म्हणाले.

"सांगतच होतो. तोवर त्यानं मारलं."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. मी पदरानं तोंड पुसलं. मग हे म्हणाले की ठकीला काही सांगायचं नाही. उद्यापासून तिचं काम सुरू होईल, मन रमेल, आता कशाला. मला सवय झालीय. आणि सवय झालीय असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातून छर्रे पुन्हा सांडले.

मग मी ते चाक ह्यांच्या हातातून काढूनच घेतलं. तुम्ही सांगा, मी करते, म्हटलं. ग्रीसमध्ये एकेक छर्रा चिकटवत गेले, एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा. नवा एक्सल हळूच आत सोडला, कोन छर्‍यांना टेकेपर्यंत बोटांनी फिरवला. चाक मोकळं फिरलं पाहिजे पण डुगडुगता कामा नये, हे म्हणाले, थोडं मागे घे, अजून थोडं, बस. दोन पाने हातात दिले. एकानं कोन धरून ठेवायचा, दुसऱ्यानं वरचा नट घट्ट करायचा. माझा हात तिथेच अडला. पिळायची मला आता धास्ती वाटत होती.

"पिळ," हे म्हणाले. "हे पिळायचंच असतं."

मी पिळलं. चाक हातात धरून फिरवलं तर कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहिलं. ह्यांनी कान लावून ऐकलं आणि ठीक आहे म्हणून मान हलवली.

ठकी चारच्या आधीच आली. उजवा हात जाकिटाच्या खिशात खोचलेला, तसाच ती ठेवते बाहेर जाताना. आल्या आल्या तिनं स्टूल ओढलं आणि सायकलसमोर बसली. ह्यांनी चाक चिमट्यात बसवलं, नट बोटांनी चढवले. मग पाना उचलला आणि एकदा माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी नको म्हणत होते. पण मी तो पान्याचा हात बघितला, आणि ठकी तोच हात बघत होती ते बघितलं, आणि माझ्यानं राहवलं नाही.

"ठके, त्या दिवशी चाक बाबांनी बसवलं नव्हतं. मी बसवलं होतं. तो खटका मी नटासारखा पिळला. मला वाटलं तसाच लावतात."

हे घाईघाईनं म्हणायला लागले की तिचं काही ऐकू नकोस, तिला झोप नाही, काहीतरी डोक्यात घेतलंय. ठकी माझ्याकडे बघतच नव्हती. ह्यांच्याकडे बघत होती.

"बाबा, खरं सांगा."

आठ महिन्यांत ती पहिल्यांदा बाबा म्हणाली होती. त्या एका शब्दानं ह्यांचं उरलंसुरलं खोटं बोलणं संपलं. हे नुसते खाली बघत राहिले, आणि ते तिला पुरलं.

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता आकांत करेल. करावा असं वाटत होतं, माझ्या अंगावर काहीतरी फेकावं असं वाटत होतं. पण ती अगदी हळू बोलली.

"आठ महिने तू माझी वेणी घातलीस."

एवढंच म्हणाली.

तिनं ह्यांच्या हातातून पाना घेतला. डाव्या हातानं एक नट थोडा आवळला, उठून पलीकडे गेली, दुसरा आवळला, परत अलीकडे आली. हे चिमटा धरून उभे होते. बस, आटे जातील, असं हे म्हणाले, तरी तिनं एकदा जोर लावलाच. मग ह्यांनी सायकल पुढून उचलून धरली आणि तिनं चाकावर वरून डाव्या मुठीनं दोन गुद्दे मारले. लहानपणापासून ती ते बघत आली होती. चाक जागचं हललं नाही.

संध्याकाळी तिनं जेवणाचं ताट दुकानात नेलं. हेही तिथेच जेवले. दोघं काही बोलत होते की नाही ते मला ऐकू आलं नाही. मी आत बसून होते. एकदा आत आली तेव्हा मी तिच्या शर्टच्या बटणाला हात लावला, तर ती मागे सरकली. रागानं सरकली असती तर मी सोसलं असतं. गर्दीत परक्या माणसाचा धक्का चुकवतात तशी सरकली. रात्री ती जाकीट घालूनच झोपली.

सकाळी मी रोजच्यासारखी खिडकीपाशी कंगवा घेऊन बसले. दुसरं काय करणार होते? येईल असं वाटत होतं. सवयीनं तरी येईल. ती आली, माझ्या हातातून कंगवा घेतला आणि दुकानात गेली.

"बाबा, वेणी घाला."

हे म्हणाले, मला येत नाही.

"तीन पेड असतात. घाला."

मी दाराच्या फटीतून बघितलं. ती स्टुलावर ह्यांच्याकडे पाठ करून बसली होती. ह्यांनी हात फडक्याला पुसले, परत पुसले, आणि केस हातात घेतले. एक पेड सुटायचा, तो धरेपर्यंत दुसरा सुटायचा. मला दोन पावलांवर जाऊन ते सगळं नीट करता आलं असतं. मी दाराची कडी धरून उभी राहिले. शेवटी कशीबशी वेणी झाली. बांधायला काही सापडेना, तेव्हा ह्यांनी कात्रीनं जुन्या ट्यूबचं एक बारीक रबरी कडं कापलं आणि शेवटाला अडकवलं. वेणी एका कानाकडे ओढली गेली होती. आरशात न बघताच ठकी उठली.

तिनं सायकल रस्त्यावर घेतली. डावा हात हँडलवर, दोन्ही ब्रेक त्याच हाताखाली, पाठीला पेटी. सायकल कमरेला टेकवून तिनं पुढच्या चाकावर डाव्या मुठीनं पुन्हा एकदा दोन गुद्दे मारले. हे पायरीवर उभे होते, एक हात थोडा पुढे काढून, पडली तर धरायला.

"बाबा, येते," ती म्हणाली.

ये, हे म्हणाले. ती सुरुवातीला जरा डुगडुगली, मग सावरली आणि सरळ जायला लागली. कोपऱ्यावर वळताना ती वाकडी वेणी तेवढी दिसली.

आतल्या दारातून मीही ये म्हणाले. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा धीर मला झाला नाही.